'विश्वास' आणि 'वचन' : ख्रिस्ती मननपर गद्याच्या भाषेचे वऱ्हाडच्या संदर्भात परीक्षण

ख्रिस्ती मननपर गद्य हा मराठी वाङ्मयातील एक उपेक्षित प्रांत आहे. फादर स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा भाषिक व वाङ्मयीन अभ्यास झाला, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या काव्यावर लिहिले गेले, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'ना तर मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थान मिळाले. परंतु शास्त्रातील एखादे वचन घेऊन त्यावर चार परिच्छेदांचे चिंतन मांडणारे, उपासनामंदिरात वाचले जाणारे आणि घरी कुटुंबप्रार्थनेच्या वेळी उघडले जाणारे गद्य समीक्षेच्या कक्षेत क्वचितच आले. ह्याची कारणे दोन दिसतात. श्रद्धावंत वाचक त्यास पवित्र मानतो, म्हणून त्याची चिकित्सा करीत नाही; इतर वाचक त्यास सांप्रदायिक मानतो, म्हणून ते वाचीतच नाही. दोन्ही भूमिका भाषाभ्यासाच्या दृष्टीने सारख्याच अनिष्ट होत. जे गद्य माणसे दुःखाच्या प्रसंगी मोठ्याने वाचतात, त्याची भाषा कशी घडली आणि ती आपले काम करते की नाही, हा प्रश्न गौण नाही.

वऱ्हाडात ह्या प्रश्नास विशेष धार येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या संस्थेचे काम अकोल्यास रुजले. अचलपूर व चिखलदरा ह्या बाजूस कोरकू लोकांत कार्य करणारे मिशन उभे राहिले, आणि त्यातील जॉन ड्रेक ह्यांचे कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत येथेच होती. कॅथलिक पंथाचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. म्हणजे वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. ह्या समाजाची घरची बोली वऱ्हाडी. मेळघाटात काही कुटुंबांची कोरकू. आणि उपासनेची भाषा मात्र ग्रंथांतून आलेली प्रमाण मराठी. घरी एक जीभ आणि मंदिरात दुसरी, अशा स्थितीत जो भक्त देवाशी बोलतो, त्याच्या बोलण्याचे स्वरूप काय होते, हे ह्या परीक्षणाचे सूत्र आहे.

१. 'विश्वास' ह्या शब्दाची निवड

मननपर गद्याचा मध्यवर्ती शब्द 'विश्वास' हा होय. तो स्वयंसिद्ध वाटत असला तरी त्यामागे निवडीचा इतिहास आहे. सतराव्या शतकात, १६१६ मध्ये प्रथम मुद्रित झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्टीफन्स ह्यांनी ह्या कल्पनेसाठी 'भावार्थ' हा शब्द योजिला. संतवाङ्मयातून उचललेला हा शब्द गोमंतकातील कोंकणी ख्रिस्ती भाषेत अद्याप जिवंत आहे. श्रीरामपूर येथे विल्यम केरी ह्यांच्या देखरेखीखाली १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत निघाला. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर केले. ह्या प्रॉटेस्टंट परंपरेत कालांतराने 'विश्वास' हा शब्द स्थिर झाला.

तिसरा पर्याय 'श्रद्धा' हा होता. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता त्याचा अधिकार मोठा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेस उद्देशून स्वतंत्र सूक्त आहे. आणि 'श्रत्' व 'धा' ह्यांच्या संयोगातून झालेला हा शब्द लॅटिन 'क्रेदो' ह्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ज्या 'क्रेदो'ने पाश्चात्त्य चर्चच्या मतांगीकाराचा आरंभ होतो, त्याचेच भावंड हाती असताना मराठी भाषांतरकारांनी ते बाजूस ठेवले, ही गोष्ट प्रथमदर्शनी विलक्षण वाटते.

तथापि ही निवड चुकीची नव्हती. 'श्रद्धा' हा शब्द मराठीत व्रत, श्राद्ध, देवस्थान ह्यांच्या परिसरात वावरतो. शिवाय त्यापासून माणसाच्या वागणुकीचे विशेषण सहज बनत नाही. 'श्रद्धाळू' म्हणजे श्रद्धा ठेवणारा, ज्याच्यावर श्रद्धा ठेवता येईल असा नव्हे. उलट ग्रीक 'पिस्तिस्' ह्या शब्दात भरवसा ठेवणे आणि भरवशास पात्र असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिब्रू भाषेत ज्या धातूपासून 'आमेन' हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थच स्थिर वा पक्के असणे हा आहे. मराठी 'विश्वास' ह्या दुहेरी अर्थास पुरा पडतो : भक्त विश्वास ठेवतो आणि देव विश्वासू असतो. एकाच मूळ शब्दाने देव व मनुष्य ह्यांच्यामधील व्यवहाराची दोन्ही टोके बांधली जातात. 'वि' आणि 'श्वस्' ह्या घटकांतून येणारा निर्धास्त होण्याचा, मोकळा श्वास घेण्याचा अर्थही येथे अगदी अनुरूप आहे.

'भाव' ह्या शब्दाविषयी मात्र वऱ्हाडी वाचकाच्या दृष्टीने एक वेगळी अडचण आहे. 'भाव तेथे देव' ही म्हण त्यास ठाऊक आहे. परंतु अकोला व खामगाव ह्या कापसाच्या बाजारपेठांच्या मुलखात 'भाव' हा शब्द उच्चारताच प्रथम दर आठवतो. शब्दाचे अर्थक्षेत्र कोशात ठरत नाही, ते बाजारातही ठरते.

२. 'शास्त्र' आणि 'वचन'

ख्रिस्ती ग्रंथास मराठीत 'पवित्र शास्त्र' असे नाव रूढ झाले. ह्या नावाने ग्रंथास प्रतिष्ठा मिळाली, पण एक धोकाही पदरी आला. मराठीत शास्त्र ही आज्ञा देणारी, विधिनिषेध सांगणारी वस्तू आहे. आणि बोलीत 'शास्त्रापुरते' म्हणजे केवळ रीत राखण्यापुरते, नावाला. ज्या ग्रंथाचा मोठा भाग कथा, विलाप, पत्रे आणि गाणी ह्यांनी भरलेला आहे, त्यास 'शास्त्र' म्हटल्याने त्याचे मनन करणारा लेखकही नकळत शास्त्रीबुवांच्या आसनावर जाऊन बसतो. बऱ्याच मननांतील उपदेशाचा अतिरेक ह्या एका नावातून उद्भवला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्या नावाने तो अतिरेक सुकर केला, एवढे निश्चित म्हणता येते.

ह्याच्या उलट 'वचन' हा शब्द मराठीने ख्रिस्ती विचारास दिलेली मोलाची देणगी आहे. वचन म्हणजे उक्ती, आणि वचन म्हणजे अभिवचनही. वचन द्यावे लागते, पाळावे लागते, वचनास जागावे लागते. 'शब्द' ह्याही पदात हीच द्विविधता आहे. ज्याने शब्द दिला तो शब्दाला जागतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येणाऱ्या 'लोगोस्' ह्या ग्रीक पदासाठी मराठीत 'शब्द' हेच पद आले, तेव्हा तत्त्वज्ञानातील त्या पदाचा बराच भाग निसटला हे खरे. पण दिलेल्या शब्दाचा, म्हणजे बांधिलकीचा, अर्थ आपोआप आत आला. अब्राहामाची कथा अभिवचनाची कथा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तिचाच आधार घेऊन विश्वासाची मीमांसा करतो. 'वचन' आणि 'विश्वास' ही जोडी मराठीत इतकी स्वाभाविक आहे की, ह्या मीमांसेसाठी मराठी लेखकास बाहेरून काही आणावे लागत नाही. दुर्दैवाने मननपर गद्याने ही जोडी क्वचितच हाताळली. वचन हे तेथे बहुधा केवळ उद्धृत करण्याचे अवतरण ठरते.

३. वाक्याचा साचा

ह्या गद्याचे मुख्य वैगुण्य शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे. त्याचा नेहमीचा साचा लक्षात यावा म्हणून एक वाक्य कल्पून पाहावे : 'ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या विश्वासाच्या द्वारे आपणास तारणाची प्राप्ती होते.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्यात कोणी काही करीत नाही. क्रियापद 'होते' एवढेच. विश्वास ठेवणारा माणूस नामात गोठला आहे, आणि ख्रिस्त सप्तमीच्या आश्रयास गेला आहे. 'च्या ठायी', 'च्या द्वारे', 'च्या योगे' ही शब्दयोगी पदे ग्रीक उपसर्गांच्या निष्ठेतून भाषांतरात आली. तेथे त्यांचे समर्थनही करता येईल. परंतु मनन हे भाषांतर नव्हे. भाषांतरकारास जे बंधन अपरिहार्य, ते चिंतनकाराने अलंकार म्हणून अंगावर घालावे, ह्यास कारण नाही.

तोच आशय वऱ्हाडी माणूस आपल्या घरी असा सांगेल : 'ख्रिस्तानं शब्द देल्ला, आपून त्याच्यावर भरोसा ठेवला, म्हनून तरलो.' येथे तीन क्रिया आहेत, दोन कर्ते आहेत, आणि त्यांच्यामध्ये कार्यकारणाचा क्रम आहे. धर्मशास्त्रदृष्ट्या दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा कमी अचूक नाही. उलट प्रथम देवाचा शब्द आणि मागाहून मनुष्याचा विश्वास हा क्रम त्यातच स्पष्ट होतो. 'भरोसा' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. पावसाचा भरोसा नाही हे ठाऊक असून कोरडवाहू रानात सरकी टोबणाऱ्या माणसास ह्या शब्दाचे वजन कोणी शिकवावे लागत नाही.

ह्या साच्यातून बाहेर पडण्याचे मार्ग मराठी ख्रिस्ती वाङ्मयात उपलब्ध होते. १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने टिळकांस नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग जवळ केला. तेथे विश्वास हा सिद्धान्त न राहता संबोधन झाला. देवाविषयी बोलण्याऐवजी देवाशी बोलणे सुरू झाले. लक्ष्मीबाईंचा पालट तर वादविवादातून झालाच नाही. सोवळेओवळे, पाणी, स्वयंपाक ह्या रोजच्या आचारांतून तो पायरीपायरीने घडला, आणि 'स्मृतिचित्रां'त त्यांनी तो तशाच घरगुती क्रियापदांत सांगितला. पंडिता रमाबाईंनी संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असताही केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या बायबलाच्या भाषांतरात सामान्य स्त्रियांस कळेल अशी सोपी मराठी कटाक्षाने स्वीकारली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये तो संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आपल्याकडे नेलेल्या शेकडो अनाथ मुलींची बोली त्यांच्या कानांवर रोज पडत होती, हे येथे विसरता येत नाही. पद्यात टिळकांनी, आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी आणि भाषांतरात रमाबाईंनी जे साधले, ते मननपर गद्यास मात्र आपल्या अंगी बाणविता आले नाही.

४. दृष्टान्ताची वऱ्हाडी

ग्रिअर्सन ह्यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'च्या मराठीस वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे नमुने आहेत. ह्या पाहणीत सर्व बोलींसाठी जो समान उतारा ठरविण्यात आला होता, तो लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त होय. व्याकरणाच्या सोयीसाठी केलेल्या त्या निवडीमुळे शुभवर्तमानातील एक अत्यंत हृद्य कथा वऱ्हाडीत छापली गेली. भक्तिवाङ्मयाने तिची दखल घेतल्याचे दिसत नाही; भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती 'बापाले' ह्या रूपातील 'ले' प्रत्ययासाठी वाचली.

वास्तविक हा दृष्टान्त भाषेविषयीच काही सांगतो. मुलगा परत येताना बापापुढे बोलावयाची वाक्ये मनात जुळवितो. शेवटचे वाक्य आपणास मजुरांत ठेवावे असे आहे. प्रत्यक्ष भेटीत ते वाक्य उच्चारलेच जात नाही, कारण त्यापूर्वीच बाप झगा व अंगठी आणण्याची आज्ञा देतो. १९ व्या आणि २१ व्या वचनांची तुलना केली असता हे उघड होते. पुढे थोरला भाऊ धाकट्यास 'भाऊ' म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणून त्याचा उल्लेख करतो. आणि बाप उत्तर देताना ते नाते दुरुस्त करून देतो. सगळा धर्मविचार दोन नात्याच्या शब्दांत आणि त्यांच्या षष्ठीत सामावला आहे. मूळ ग्रीक संहितेत घरचे दास आणि मोलाने लावलेले मजूर ह्यांसाठी वेगळे शब्द आहेत. घरचा गडी, वर्षाच्या बोलीने राहणारा सालदार आणि रोजाने येणारा मजूर असे भेद ज्या मुलखाच्या जिभेवर आहेत, तेथील मननकाराने हे सर्व सोडून पश्चात्तापाची व्याख्या देत बसावे, हा संधीचा अपव्यय होय.

प्रार्थनेच्या भाषेसाठी वऱ्हाडीजवळ आणखी एक साधन आहे. 'येजो', 'करजो', 'देजो' ही आज्ञार्थाची भविष्याकडे झुकलेली रूपे प्रमाण मराठीत नाहीत. त्यांचा संबंध प्राकृतातील 'इज्ज'युक्त विध्यर्थाशी जोडला जातो. 'दे' ह्यात तातडी आहे, 'द्यावे' ह्यात अंतर आहे. 'देजो' ह्यात जवळीक आणि धीर दोन्ही आहेत. 'देवा, लक्ष ठेवजो' असे म्हणणारा मागणे करतो आणि त्याच वेळी वाट पाहण्याची तयारीही दाखवितो. विश्वासाचे ह्याहून नेमके व्याकरण शोधूनही सापडणे कठीण.

५. आक्षेप व त्यांचा विचार

बोलीचा पुरस्कार केल्यास उपासनेचे गांभीर्य नष्ट होईल, असा आक्षेप घेतला जातो. प्रमाण भाषेने भिन्न जातींतून आलेल्या लोकांस एका बाकावर बसविले आणि ज्यांच्या बोलीची टर उडविली जात असे त्यांस प्रतिष्ठेची भाषा दिली, ही गोष्ट मोठी आहे; ती नाकारता येणार नाही. परंतु वऱ्हाडी केवळ विनोदास योग्य, ही समजूत उद्धव शेळके ह्यांच्या 'धग' (१९६०) ह्या कादंबरीने कायमची मोडली. त्यानंतर विठ्ठल वाघ ह्यांच्यासारख्या अकोल्याच्या कवींनी तीच बोली काव्यात प्रतिष्ठित केली.

शिवाय पवित्र ग्रंथाच्या घडणीचा इतिहासही ह्या आक्षेपाविरुद्ध साक्ष देतो. नव्या कराराची ग्रीक ही अभिजात ग्रीक नव्हे. जर्मन पंडित अडोल्फ डाइसमान ह्यांनी ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील पत्रे व पावत्या ह्यांच्याशी तुलना करून ती त्या काळच्या सर्वसामान्य व्यवहाराची भाषा असल्याचे दाखवून दिले. त्या ग्रीकमध्येही 'अब्बा' हा अरामी शब्द मार्काच्या शुभवर्तमानात आणि पौलाच्या दोन पत्रांत भाषांतर सोबत देऊनही तसाच राहू दिला आहे. घरातील हाक परक्या भाषेत विरघळू द्यावयाची नाही, असा हा निर्णय दिसतो. मराठी ख्रिस्ती भाषेत 'स्वर्गीय पिता' आणि 'देवबाप' हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी चालत आले आहेत, ते ह्याच जाणिवेमुळे असावेत.

आणि वऱ्हाडास तर हा धडा बाहेरून घेण्याचेही कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. चक्रधरांची वाणी मराठीतच जतन करावी, पांडित्यासाठी ती संस्कृतात नेऊ नये, हा नागदेवाचार्यांचा आग्रह 'स्मृतिस्थळा'तून परिचित आहे. सामान्य जन, विशेषतः स्त्रिया, वंचित होतील ही त्यामागील चिंता होती. विसाव्या शतकात गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीता' रचली, ती ह्याच भूमीत. लोकांच्या भाषेत धर्म सांगण्याची परंपरा येथे सातशे वर्षांची आहे. ख्रिस्ती मननकार तिच्या शेजारी राहूनही बहुधा तिला परका राहिला.

६. 'ऋण' ह्या शब्दाची कसोटी

ह्या सर्व विवेचनाची कसोटी एका शब्दावर लावता येईल. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेसाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ देणे किंवा कर्ज असा आहे, आणि मराठी भाषांतराने प्रामाणिकपणे तेथे 'ऋण' हा शब्द ठेविला. लूकच्या पाठात पहिल्या ठिकाणी 'पाप' हा शब्द असला, तरी दुसऱ्या ठिकाणी देणेकरी आहेच. मननपर गद्यात मात्र ऋणाचे तत्काळ पापात रूपांतर केले जाते आणि कर्जाची प्रतिमा एका वाक्यात संपते.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र शासनाच्या विशेष साहाय्ययोजनेसाठी निवडले गेले. अशा मुलखात ही प्रार्थना दर रविवारी म्हटली जाते. ऐकणाऱ्यांत कर्ज बुडण्याच्या भीतीने झोप उडालेला माणूस असतो, आणि कदाचित त्याला कर्ज देणाराही असतो. त्या दोघांच्या कानी 'ऋण' हा शब्द पडतो, तेव्हा तो रूपक राहत नाही. आध्यात्मिक अर्थ खरा, पण तो कर्जाच्या अर्थावर उभा आहे. खालचा अर्थ काढून घेतला तर वरचाही ढासळतो. 'क्रेदो'च्याच कुळातील एका शब्दाने इंग्रजीत उधारी व पत व्यक्त होते, ही व्युत्पत्तीची गंमत नव्हे; विश्वास आणि कर्ज ही दोन्ही दिलेल्या शब्दावर चालतात, ह्याची ती नोंद आहे.

येथे मननकाराने कोणता उपदेश करावा, हे सांगणे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ग्रंथाने जो शब्द ठेविला तो मननाने पुसू नये, एवढी अपेक्षा समीक्षेस करता येते. मराठीने ख्रिस्ती विचारास 'विश्वास' आणि 'वचन' हे दोन समर्थ शब्द दिले. वऱ्हाडीने त्यांच्या जोडीस 'भरोसा' आणि 'देजो' आणून ठेविले. हे धन उंबरठ्याच्या आत पडून आहे. अकोल्याच्या वा अमरावतीच्या एखाद्या घरात संध्याकाळी दिवा लागल्यावर जी प्रार्थना कोणी लिहून ठेवलेली नसते, तीत हे शब्द बहुधा येतच असतात. छापील मननाने त्या प्रार्थनेस शिकविण्यापूर्वी ती ऐकावी.